दुर्बीण गळ्यात की हार्नेसवर?
बेळगावजवळच्या जांबोटी, भीमगड, चोर्ला साईडच्या जंगलात पक्षी बघत फिरणाऱ्यांसाठी सांगतोय. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) दुर्बीण साधारण ६५०-७०० ग्रॅम भरते, साध्या गळपट्ट्यावर तासभर काही वाटत नाही, मग मान भरून येते आणि चढावर वाकलं की छातीवर आपटत राहते, सोबत कॅमेरा असला तर विचारूच नका. हार्नेसचे पट्टे पाठीवर क्रॉस होतात, वजन दोन्ही खांद्यांवर जातं, दुर्बीण हलत नाही. पण सॅक काढघाल करताना वैताग की ओ, शिवाय पाठ घामानं भिजते. तरी जंगलात माझं मत हार्नेसलाच. बेळगावात कोटे केरेवर, म्हणजे किल्ल्याजवळच्या तलावावर, सकाळी चक्कर मारायची तर गळपट्टा पुरे, फक्त रुंद निओप्रीनचा (मऊ, ताणणाऱ्या रबराचा) घ्या आणि आखूड ठेवा.