ई अँड टीसी की मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स : ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

निकाल लागले की ओळखीपाळखीच्या पालकांचे फोन सुरू होतात. पॉलिटेक्निकला जायचं नक्की असतं, कॉम्प्युटरची जागा मार्कांमुळे हातातून गेलेली असते आणि ऑप्शन फॉर्मवर दोन नावं एकाखाली एक उरतात. एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे आपलं ई अँड टीसी. दुसरं मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे रुग्णालयातल्या यंत्रांची शाखा. आधी कोणतं टाकायचं, हा प्रश्न.

मी डिप्लोमा ई अँड टीसीचा केला आणि पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाताना बायोमेडिकल, म्हणजे मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सच्याच वळणाची शाखा, घेतली. आता एका रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात काम करतो आणि दोन्ही शाखांची मुलं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा. पात्रता, फी, सेमिस्टर, कॅप राऊंड यावर लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा ताजं माहीत असेल.

पहिल्या वर्षात फारसा फरक जाणवत नाही. गणित, डायोड, ट्रान्झिस्टर, सोल्डरिंग सगळीकडे तेच. फाटा फुटतो दुसऱ्या वर्षी. ई अँड टीसीत सिग्नल तुमच्या हातात तयार मिळतो आणि तो न बिघडता लांब कसा पोचवायचा हे शिकायचं असतं. मेडिकलमध्ये पोचवणं सोपं असतं, मुळात सिग्नल मिळवतानाच दमछाक होते. हृदयाचा विद्युत सिग्नल त्वचेवर मिळतो तो जेमतेम एक मिलीव्होल्टच्या आसपास. त्याच अंगावर घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्‌झचा गोंगाट कितीतरी मोठा बसलेला असतो.

नोकरीचं चित्र थोडक्यात सांगतो, कारण यावर सगळेच बोलतात. टेलिकॉममध्ये काम लाटांनी येतं. २०१६ नंतरच्या दरयुद्धात एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स यांची मोबाईल सेवा बंद पडली, २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, जानेवारी २०२० मध्ये बीएसएनएलमधून ७८ हजारांहून अधिक लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच वेळी बाहेर पडले. मग ऑक्टोबर २०२२ पासून ५जी आलं, फायबर आलं आणि पुन्हा माणसं लागू लागली. जाळं टाकायचं असतं तेव्हा मागणी, टाकून झालं की उरते देखभाल, तीही बहुतेक कंत्राटदाराकडून. माझ्या बॅचचे जे टॉवरच्या कामाला लागले त्यातले बरेच आज टेलिकॉममध्ये नाहीत. जे फायबर स्प्लायसिंग (तुटलेली फायबर जोडणं) आणि ओटीडीआर (ती कुठे तुटली ते दाखवणारं यंत्र) नीट शिकले त्यांचं मात्र बरं चाललंय. रुग्णालयातलं काम लाटांनी येत नाही. ते सावकाश वाढतं आणि सुरुवातीचा पगार ऐकून आईवडील गप्प होतात. तो दोन्हीकडे कमीच असतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा कल ठरला तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे ट्रेनर किट.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुटकेससारखा डबा, वर छापलेलं सर्किट, जागोजागी टेस्ट पॉइंट. एएम मॉड्युलेशनचं (रेडिओ लहरीवर सिग्नल चढवण्याच्या एका पद्धतीचं) प्रॅक्टिकल असेल तर दोन-तीन पॅच कॉर्ड लावायच्या, डीएसओचा (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या डिजिटल ऑसिलोस्कोपचा) प्रोब टेस्ट पॉइंटवर टेकवायचा, की मॅन्युअलमध्ये छापलेली आकृती पडद्यावर जशीच्या तशी उमटते. सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान व्होल्टेज मोजायचं, वजाबाकीला बेरजेने भागायचं, मॉड्युलेशन इंडेक्स तयार. जर्नलमध्ये ग्राफ काढायचा, सही घ्यायची. एफएम, पीसीएम, टीडीएम, ऑप्टिकल फायबर, सगळं याच पद्धतीने. किट बदलायचं, कॉर्डचे रंग बदलायचे. मागच्या बॅचचं जर्नल हाताशी असेल तर किट चालू करायचीही गरज नसे, आकडे तेच येणार. मला हे वर्षभर टोचत राहिलं. कष्ट पडत होते म्हणून नाही, चुकायला कुठे जागाच नव्हती म्हणून.

त्यातही खरं दुखणं वेगळंच आहे. अशा बऱ्याच किटमध्ये बनवणाऱ्यांनी फॉल्ट स्विच दिलेले असतात. आठ-दहा बारीक स्विचेस, एखादं दाबलं की आत कुठेतरी जोड तुटतो आणि विद्यार्थ्याने लक्षणांवरून बिघाड शोधायचा. म्हणजे शिकण्यासारखी एकच गोष्ट त्या डब्यात असते. आमच्या कॉलेजात त्यावर झाकण होतं, झाकणाला कुलूप होतं आणि किल्ली लॅब असिस्टंटकडे होती. निदान तसं सांगितलं जायचं. किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं असे, “किट बिघडेल, ऑडिटला दाखवायचंय.” डिप्लोमा संपला तरी ते झाकण उघडलेलं मी पाहिलं नाही.

पदवीला बायोमेडिकलच्या पहिल्याच ईसीजी प्रॅक्टिकलला कुणी किट दिलं नाही. एकाला टेबलावर झोपवलं, हातापायांना क्लॅम्प लावले. मशीन जुनं, एका रुग्णालयाने कंडेम करून, म्हणजे वापरातून बाद करून, दिलेलं. कागदावर ईसीजी आलाच नाही, नुसती जाड काळी पट्टी आली. पुढचे दोन तास त्या पट्टीमागे गेले. स्पिरिटने त्वचा पुसली, जेल लावली, केबल एक्स्टेन्शन बोर्डापासून दूर घेतली, ट्यूब बंद केली, मुलाला हात सैल सोडायला लावला. एकेक करत पट्टी बारीक होत गेली. मग सरांनी गुपचूप उजव्या पायाचा इलेक्ट्रोड काढला आणि सगळं परत बिघडलं. पुस्तकात राइट लेग ड्राइव्ह, म्हणजे उजव्या पायातून गोंगाट कमी करणारं सर्किट, ही एक आकृती असते. तिथे ती कशासाठी आहे हे डोळ्यांसमोर दिसलं. कुणीतरी दोन्ही हातांचे क्लॅम्प उलटे लावले तर लीड एक, म्हणजे दोन हातांमधली नोंद, उलटी आली. वायरिंगचा गोंगाट गाळणारा नॉच फिल्टर चालू केला की पट्टी झटक्यात साफ झाली, तेव्हा सरांनी तो बंद करायला लावला. म्हणाले, आधी मूळ शोधा, फिल्टरने फक्त झाकलं जातं. आणि जर्नल? कॉपी करताच येईना, कारण प्रत्येकाचा ईसीजी वेगळा.

हा फरक माझ्यासाठी निर्णायक ठरला. इतरांना तो तेवढा मोठा वाटणार नाही, हे मान्य आहे. ज्यांना गणिती बाजू आवडते, ज्यांना सिम्युलेशनवर काम करायचं आहे, त्यांना किटचा जाच होत नाही. ते किटच्या पलीकडे डोक्याने जातात. माझं डोकं हातातून चालतं.

आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नमध्येही मला तोच फरक दिसतो, अर्थात माझा नमुना लहान आहे. आयसीयूतून सिस्टरचा फोन येतो, “मॉनिटरवर लाइन नीट येत नाही.” ई अँड टीसीचा मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन निघतो. मेडिकलची मुलगी आधी विचारते की इलेक्ट्रोड कधी लावलेत. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं, सुकलेल्या जेलमध्ये, तुटलेल्या लीड वायरमध्ये नाहीतर सैल प्रोबमध्ये. बीपी चुकीचा येतो अशी तक्रार आली की ती कफचा आकार पाहते. हातापेक्षा लहान कफ बांधला तर मशीन ठणठणीत असूनही आकडा जास्तच येतो. यात हुशारीचा प्रश्न नाही. कुणाला काय आधी बघायची सवय लावली आहे, एवढाच मुद्दा.

दुसरी सवय सुरक्षिततेची. हृदयाशी थेट जोडणी होणाऱ्या, सीएफ वर्गाच्या उपकरणातून रुग्णाकडे जाणारा गळती प्रवाह नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या वर चालत नाही. टेलिकॉम शिकलेल्याला हा आकडा आधी हास्यास्पद वाटतो, कारण एवढ्याशा प्रवाहाला तो गोंगाटही म्हणत नाही. डिफिब्रिलेटर तपासायचा तर ५० ओहमच्या लोडवर ज्यूल मोजायचे, हे त्याला नव्याने शिकवावं लागतं. कायद्याची बाजूही तशीच. एक्स-रे म्हटला की अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स आलं. सोनोग्राफी मशीन तर दुरुस्तीसाठीसुद्धा परस्पर उचलून नेता येत नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली त्याची नोंदणी त्या केंद्राच्या नावावर असते. एका हुशार मुलाने “वर्कशॉपला घेऊन जाऊ का?” असं डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच होत्या. मेडिकलच्या मुलांना यातलं बरंचसं आधीच कानावरून गेलेलं असतं. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला मी पहिल्या आठवड्यात फक्त प्लग, सॉकेट, अर्थिंग आणि एक्स्टेन्शन बोर्ड बघायला लावतो.

आता ई अँड टीसीच्या बाजूने बोलायलाच हवं, कारण बाजू भक्कम आहे.

पहिलं म्हणजे रुग्णालयातली मशीनं आता सुटी राहिलेली नाहीत. मॉनिटर सेंट्रल स्टेशनला, सीटी पॅक्सला (स्कॅनची चित्रं साठवणाऱ्या प्रणालीला), लॅबचं मशीन बिलिंगला जोडलेलं. दोन मॉनिटरना एकच आयपी पत्ता दिला गेला आणि सेंट्रल स्टेशनवरून एक खाट गायब झाली, तेव्हा ई अँड टीसीच्या मुलाने ते चहा संपायच्या आत शोधलं. एमआरआयचंही तेच. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये प्रोटॉन साधारण ६४ मेगाहर्ट्‌झवर बोलतात, म्हणजे एफएम रेडिओच्या थोडं खाली. खोली चारी बाजूंनी धातूने मढवलेली असते ती बाहेरचे सिग्नल आत शिरू नयेत म्हणून. दाराची पट्टी झिजली आणि चित्रात रेघा आल्या, तर रेडिओ शिकलेल्या माणसाला ते चटकन उमगतं.

दुसरं, शिकण्याचं आकाश मोठं आहे. पुण्याच्या बाजूला असाल तर नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र आहे, आणि तिथून जवळच खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ-वेधशाळेच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आहेत. तिथे एकदा जाऊन आलेला मुलगा अँटेना हा विषय वेगळ्या नजरेने वाचतो. मेडिकलच्या सहलीत एवढं भव्य काही दाखवता येत नाही. निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह दाखवतात.

तिसरं, आणि व्यवहारात सर्वांत मोठं, म्हणजे शाखेचं नाव. सरकारी भरतीच्या जाहिरातीत इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन अशी यादी असते. ऑनलाइन अर्जात शाखा निवडायच्या यादीत मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स पुष्कळदा दिसतच नाही. मग समकक्षतेचं पत्र आणा, ते मान्य होईल की नाही याची वाट पाहा, तोवर अर्जाची मुदत संपते. रेल्वेच्या सिग्नल-टेलिकॉमची नोकरी डोक्यात असेल, किंवा घरचे “सरकारी”च म्हणत असतील, तर ई अँड टीसी वर टाका आणि हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. माझ्या डिप्लोमाच्या गुणपत्रिकेवर ई अँड टीसी आहे म्हणून मला हा त्रास झाला नाही, हेही सांगून टाकतो.

गावाचाही विचार करा. मेडिकल घेऊन तालुक्याच्या ठिकाणी राहायचं म्हटलं तर अवघड. काम मुंबई-ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी एकवटलेलं असतं, नाहीतर कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर म्हणून तीन-चार जिल्हे बॅग घेऊन फिरायचे. शिवाय मोठ्या मशीनच्या आत शिरायला कंपनीचा सर्व्हिस पासवर्ड लागतो आणि तो रुग्णालयाच्या माणसाला सहसा मिळत नाही. तुम्हाला बिघाड कळलेला असतो, तरी कंपनीचा माणूस येईपर्यंत हात बांधून उभं राहावं लागतं. हा जाच आहेच. फक्त टॉवरच्या साइटवर तर बिघाड कळूही देत नाहीत, असं माझे मित्र म्हणतात. नियंत्रण कक्षातून फोन येतो, कार्ड बदल, फोटो पाठव, निघ.

सरकारी भरती हेच ध्येय नसेल, शहर जवळ असेल आणि मुलाला वस्तू उघडून बघायची खोड असेल, तर मी मेडिकल वर टाकीन. पुढे पदवीला हवं तर इलेक्ट्रॉनिक्सकडे वळता येतं, जसा मी उलट दिशेने वळलो. पण शाखेच्या नावापेक्षा कॉलेजची लॅब बघा, आणि प्रवेशाआधी बघा. मेडिकलच्या लॅबमध्ये कंडेम झालेली खरी मशीनं किती आहेत, विद्यार्थ्यांना ती उघडू देतात का, रुग्णालयाशी केलेला करार फाइलमध्येच आहे की मुलं खरंच तिथे जातात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. प्राध्यापकांना नको. काही ठिकाणी मेडिकलची लॅबसुद्धा किटनेच भरलेली असते. ईसीजीचं किट, बीपीचं किट, आणि माणसाच्या जागी सिम्युलेटर. तसं दिसलं तर बिनदिक्कत ई अँड टीसी वर टाका. आणि त्या लॅबमध्ये गेलात तर फॉल्ट स्विचची किल्ली कुठे असते, तेवढं विचारून घ्या.