दहावी-बारावीच्या पोट्ट्यांचा रविवारचा क्लास: जिना सोडला तर पैसे वसूल

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागं हा करिअर गाईडन्सचा क्लास भरते, एक रिटायर सर आन् एक मॅडम चालवतात, वर्षाचे ५०० रुपये. करिअर गाईडन्स म्हटलं की आपल्याकडं कोणीतरी पुण्याहून येते, प्रोजेक्टरवर यूपीएससी दाखवते, शाल-श्रीफळ घेते आन् निघून जाते. इथं भाषण नाही, पोरांकडून कामं करून घेतात.

माझा पोरगा बारावीत हाय, सेरेब्रल पाल्सी आहे त्याला, वॉकर घेऊन चालते, बोलायला वेळ लागते. मॅडमनं त्याला विचारलं, पुढं काय करायचं बाबू? सवयीनं त्याची आई सांगायला लागली तर मॅडम म्हणे, "ताई, तुम्ही नाही, त्याले विचारलं मी." मग अख्खा वर्ग गप बसला, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत. बीकॉम करायचं म्हणे आन् कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात हिशेबाचं काम. घरी हे आम्ही कधीच ऐकलं नव्हतं.

बँकेचं तर खासच. १८ झाले की मायनरचं खातं बदलावं लागते, नवीन केवायसी, नवीन सही, आन् याचा हात थरथरते त्यामुळं सही दर वेळी निराळी. मॅडमनं नुसत्या पहिल्या नावाची मोठ्या अक्षरातली सही बसवून घेतली, जुन्या वह्यांची मागची पानं भरभरून. आता विड्रॉवलची स्लिप स्वतः भरते, हळू भरते, मागं लाईन लागते, लागू द्या.

सरांकडं कागदपत्रांचं काम. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर हे सगळं गर्दीच्या आधीच काढायला लावतात, कारण जूनमध्ये दाखल्यांच्या सेतू केंद्रात काय जत्रा असते अन् सर्व्हर कसा बसते ते सगळ्यायले माहीत हाय. दिव्यांग पोरांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आन् अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत ४ टक्के, हे मले इथं कळलं, शाळेत कोणी सांगितलं नाही. १८ नंतर प्रत्येकच दिव्यांग पोराला कायदेशीर पालक लागते असं नाही हेही सरांनी समजावलं, ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी कलेक्टरच्या समितीकडं अर्ज करता येते. बोर्डात जास्तीचा वेळ मिळते तसा कॉलेजातही मागायचा, पण ते पत्र पोरानंच लिहायचं.

बाकी पोरांनाही फायदा हाय. शेजारची पोरगी दहावीला, तिला इलेक्ट्रिशियन व्हायचं, तर सर तिला आयटीआयच्या वर्कशॉपमध्येच घेऊन गेले, दोन वर्षाचा ट्रेड काय असते ते तिनं हातात पक्कड घेऊन पाहिलं. तिचा बाप अजून नर्सिंगच म्हणते, ते सोडा.

आता वाईट. क्लास वरच्या मजल्यावर! दिव्यांग पोरं घेता आन् रॅम्प नाही, रेलिंग हलते, पोराला दोघं जण धरून चढवतात आन् त्याला ते बिलकुल आवडत नाही. मालकाला सांगून झालं म्हणे. अन् कापसाच्या वेचणीत अर्धी पोरं वावरात असतात तरी तेवढ्याच जोरात पुढं शिकवत राहतात, मागं राहिलेल्याचं कोण पाहणार? एक स्टार याच्यासाठी कापला.

जायचं असलं तर लेकराला सोबत घेऊन जा, नुसत्या मायबापाकडून नाव लिहून घेत नाहीत.