चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, २५ मायक्रॉन: खारपाणपट्ट्यात घ्यावा का? (५ पैकी ३.५)

बेडावर अंथरायचा हा प्लास्टिकचा पेपर उन्हाळी मिरची किंवा टरबुजासाठी घ्यावा, पण "यानं जमिनीतले क्षार जातात" या बोलण्यावर भुलून नको. क्षार कुठंही जात नाहीत. उन्हानं वरचा थर सुकला की खालची ओल मातीच्या बारीक छिद्रांतून वर ओढली जाते. पाणी उडतं, मीठ वर साचतं. पेपर ही ओढ बरीच कमी करतो. खरा फायदा मात्र पाणी कमी लागण्यात आहे. खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खाऱ्या पाण्याच्या भागात, बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला १२०० मिलिग्रॅम असला, तर हजार लिटरमागे १.२ किलो क्षार वावरात पडतात. जेवढं ओलित कमी, तेवढं मीठ कमी.

दुकानात बंडल काट्यावर ठेवायला लावा. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनचं बंडल आतली नळी वगळून ११ किलोच्या आसपास भरतं. नऊच भरलं तर एकतर माल २० मायक्रॉनचा आहे, नाहीतर लांबी मारलेली आहे. वर छापलेलं काहीही असो. पाच फुटांवर बेड असतील तर एकरी सात बंडलं धरा.

आधी लॅटरल (ड्रिपची नळी), मग पेपर, चंदेरी बाजू वर. वापसा (माती ना चिखल, ना कोरडी) असताना कडा निदान १० सेंटिमीटर मातीत दाबा, कारण काळी जमीन भेगाळली की कडा उघड्या पडतात आणि वारा आत शिरतो. एप्रिल-मेत रोपाचं खोड पेपरला टेकलं की भाजतं.

काही दिवसांनी बेडाच्या कडेला आणि भोकांभोवती पांढरा पापुद्रा धरतो. बाष्पीभवन तिथंच चालू असतं, ओल बेडातून आडवी सरकते आणि मीठ सोबत नेते. तोवर ठीक. अवकाळीची हलकी सर आली की तेच मीठ विरघळून मुळांशी उतरतं, म्हणून पाऊस पडत असतानाच ड्रिप सुरू ठेवा, म्हणजे मीठ मुळांपासून लांब ढकललं जातं. (शेजारी हसले तर हसू द्या.)

अर्धा गुण कापला तो उचलताना फाटण्यावर. मृगाआधी पेपर काढावाच लागतो, नाहीतर पावसाचं गोडं पाणी बेडात मुरत नाही आणि वर्षाचं मीठ धुऊन जात नाही. २५ मायक्रॉनचे तुकडे पडतात, ते पुढं वखराच्या पासेत (लोखंडी पात्यात) गुंततात. ३० मायक्रॉन महाग, पण बराचसा सलग निघतो.

बाकीचा एक गुण चोपण (सोडियममुळे घट्ट झालेल्या) जमिनीसाठी कापलाय. पाणी मुरतच नसेल तर आधी माती परीक्षण करून जिप्सम आणि निचऱ्याचे चर यावर खर्च करा, पेपर नंतर.