जांभ्याच्या भिंतींच्या घरात नवे नेटवर्क : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या शहापूर भागातील आमचे घर जुने, दुमजली आणि जवळजवळ दीड फूट जाडीच्या जांभ्याच्या भिंतींचे आहे. फायबरची जोडणी रस्त्याकडच्या सोप्यात येते, आणि पुण्याच्या कंपनीचे काम घरून करणारी माझी मुलगी मागच्या माडीवर बसते. ३०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही माडीवर वाय-फायचा वेग पंधराच्या वर क्वचितच जाई आणि तिच्या बैठका मध्येच तुटत.

राउटर बदलण्याआधी लॅपटॉप माडीवरच्या जुन्या केबलला जोडून वेग मोजला, हे बरे झाले. आकडा ९४ वर अडकला होता. नव्वदीत अडकलेला आकडा बहुधा जोडणी गिगाबिटऐवजी (म्हणजे १००० एमबीपीएसऐवजी) शंभर एमबीपीएसवर उतरल्याची खूण असते. गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात, शंभरासाठी दोनच पुरतात. आमच्या केबलमधील एक तार सॉकेटच्या मागे तुटलेली निघाली. जुन्या राउटरचे पोर्टही शंभराचेच होते. अशा स्थितीत नुसते महागडे वाय-फाय आणून काहीच साधले नसते.

दिवाळीत कॅट-६ केबल, गिगाबिटचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीजही पुरवणारा), वाय-फाय ६ चा राउटर आणि माडीवरच्या छतासाठी एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलला जोडून वाय-फाय पसरवणारे उपकरण, घेतला. केबलच्या बाबतीत मात्र फसगत झाली. पहिले बंडल वजनाला हलके वाटले म्हणून तारेचे टोक ब्लेडने खरवडले, तर आतून पांढरा धातू दिसला : तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. अशा तारेचा रोध जास्त असतो, ती वाकवताना लवकर तुटते आणि पीओईची वीज वाहून नेताना अधिक तापते. ते बंडल परत करून शुद्ध तांब्याचे आणले. भिंतीला चर पाडण्याऐवजी जिन्याच्या कडेने पट्टी मारून केबल नेली, ती विजेच्या तारांपासून अंतर राखून.

आता माडीवर वायरने प्लॅनचा पूर्ण वेग मिळतो आणि वाय-फायवर त्याच खोलीत अडीचशेच्या आसपास. पण मला खरे मोल वाटते ते स्थैर्याचे. दुसरा राउटर बिनतारी जोडला असता तर सिग्नलला त्याच भिंती पार कराव्या लागल्या असत्या. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी जाड दगडात फार लवकर क्षीण होतात.

काही गोष्टी वापरातूनच कळल्या. दोन्ही ठिकाणी नेटवर्कचे नाव एकच ठेवले होते, तरी माडीवर गेलेले फोन खालच्या राउटरला चिकटून राहत. खालच्याची प्रक्षेपणशक्ती मध्यमवर आणल्यावर हे पुष्कळ कमी झाले. जुना प्रिंटर वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत डब्ल्यूपीए ३ ओळखत नाही, म्हणून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आधीची डब्ल्यूपीए २ ठेवावी लागली. ५ गिगाहर्ट्झवर जास्त वेगासाठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल आठवडाभर वापरून पाहिले. ते रडारही वापरतात अशा पट्ट्यात शिरते आणि रडारची चाहूल लागताच राउटरला चॅनेल सोडावे लागते. ८० वर आल्यापासून तशी खोळंबा करणारी बदलाबदल थांबली.

वळवाच्या पावसात वीज वारंवार गेली, तेव्हा पीओईचा निर्णय किती योग्य होता हे दिसले. फायबरचा डबा, राउटर आणि स्विच हे तिन्ही सोप्यातल्या इन्व्हर्टरवर असल्याने माडीवरच्या ॲक्सेस पॉइंटलाही त्याच केबलमधून वीज मिळत राहिली, आणि मुलीची एकही बैठक त्या दिवसांत बंद पडली नाही.

परसातल्या खोलीपर्यंत नेटवर्क नेणे अजून बाकी आहे. तिथे मी तांब्याची केबल उघड्यावरून मुद्दाम टाकलेली नाही, कारण आकाशातल्या विजेचा दाब तीतून घरातल्या उपकरणांपर्यंत पोहोचू शकतो. पाऊस सरला की धातूविरहित फायबरची तार ओढून दोन्ही टोकांना फायबर आणि साध्या केबलची सांगड घालणारे कन्व्हर्टर बसवणार आहे.