शिक्षण परिषद की शिक्षकांची आपसातली बैठक?

केंद्रप्रमुखांच्या (जवळच्या काही शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालील शिक्षण परिषदेला, म्हणजे त्या शाळांच्या शिक्षकांच्या अधिकृत बैठकीला, हजेरी, इतिवृत्त आणि वर कळवण्याचा अधिकृत मार्ग असतो. त्यामुळे रखडलेले वेतन देयक किंवा वर्गाचे गळके छप्पर हे विषय तिथेच, तेही लेखी, मांडावेत. मात्र तिथला बराच वेळ परिपत्रके आणि ऑनलाइन माहितीच्या सूचनांतच जातो.

जवळच्या चार-पाच शाळांच्या शिक्षकांनी शाळा सुटल्यावर आपसात घेतलेल्या बैठकीत वरिष्ठ नसल्याने माणूस मोकळेपणाने बोलतो. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेला, तर दुसऱ्याने पहिली ते चौथी एकत्र कशी सांभाळावी, घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठी पाठ कसा समजावावा, याचे उत्तर परिपत्रकात नसते; शेजारच्या शाळेतील मॅडमनी एका बाजूला कोरकू आणि दुसऱ्या बाजूला मराठी शब्द लिहून केलेल्या पट्ट्यांत ते सापडू शकते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे देता येत नाहीत, हेही तिथे कळते. दाद मागायची तर मात्र कार्यालयाचीच पायरी चढावी लागते.

ही बैठक उखाळ्यापाखाळ्यांकडे लवकर घसरते (चहा आला की हमखास), म्हणून एका वेळी एकच अडचण घ्यावी. नव्याने रुजू झालेल्यांनी आधी इथेच यावे, असे माझे मत आहे.