बिलावर नुसतंच 'आय सेव्हन'

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) क्लासने स्टेशनजवळच्या दुकानातून चार डेस्कटॉप घेतले. बिलावरची ओळ अशी: 'आय७ सीपीयू, १६ जीबी, ५१२ एसएसडी, ३ वर्षे वॉरंटी'. खोकं नवं, कॅबिनेट नवं, बोर्डही सीलबंद. विंडोज १० चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, म्हणून विंडोज ११ टाकायला घेतलं, तर प्रोसेसर चालणार नाही असा संदेश. झाकण उघडून, पंखा काढून, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसली तेव्हा प्रोसेसरच्या धातूच्या टोपणावर वाचता आलं: आय७-२६००. हा इंटेलचा प्रोसेसर जानेवारी २०११ चा, म्हणजे दुसऱ्या पिढीचा. 'आय७' हे नाव पिढ्यानपिढ्या तेच राहतं, पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून.

दुकानदार एकही शब्द खोटा बोललेला नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला लागणारे एच६१ चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपचं नाव) बोर्ड आजही नवेकोरे मिळतात. त्यांवर एनव्हीएमईचा, म्हणजे वेगवान एसएसडी डिस्कचा, स्लॉटही दिलेला असतो. त्यावर ऑफिसांनी काढून टाकलेल्या मशीनमधला प्रोसेसर बसवला की 'नवा पीसी' तयार. वॉरंटी बोर्डाची आणि एसएसडीची. प्रोसेसर खोक्याविना आलेला, त्याची वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची. तसा प्रोसेसर सहसा झिजत नाही, जुना घेण्यात काही गैरही नाही. पण जुन्याचे पैसे नव्याच्या भावाने मोजले गेले.

दुकानात तुलना करून दाखवतात ती तर बघण्यासारखी असते. एकीकडे हा आय७ एसएसडीसकट, शेजारी साध्या हार्ड डिस्कवरचा आय३. दोन्ही एकदम सुरू करायचे, आय७ आधी उघडतो, गिऱ्हाईक खूश. त्यात जिंकली ती एसएसडी. वर '३.४ गुणिले ४ कोर, म्हणजे १३.६ गीगाहर्ट्झ' असा हिशेबही ऐकवतात. कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, आणि गीगाहर्ट्झ हा त्याच्या ठोक्यांचा वेग. चार रिक्षा एकत्र निघाल्या म्हणून कुठलीच रिक्षा ताशी दोनशेने पळत नाही.

खरी तुलना आय३-१२१०० शी करून बघा. तो जानेवारी २०२२ चा, त्यालाही चारच कोर आणि आठच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), बेस क्लॉक म्हणजे मूळ वेग तर थोडा कमीच, ३.३ गीगाहर्ट्झ. तरी एका कोरचं काम तो साधारण दुप्पट वेगाने उरकतो, कारण प्रत्येक ठोक्याला जास्त सूचना निपटतो आणि टर्बोत, म्हणजे गरजेपुरता वाढवलेल्या वेगात, ४.३ पर्यंत जातो. २६०० हा ३.८ ला थांबतो. २६०० मध्ये एव्हीएक्स२ हा नव्या सूचनांचा संच नाही, त्यामुळे काही नवी सॉफ्टवेअर सुरूच होत नाहीत. यूट्यूबचा ४के व्हिडिओ तो आपल्या ग्राफिक्सच्या भागावर उलगडू शकत नाही, सगळा भार कोरवर येतो आणि पंखा किंचाळू लागतो. एच६१ वर रॅमचे स्लॉट दोन, मर्यादा १६ जीबी. पुढे वाढवायची सोय नाही. नुसत्या टॅलीला हे फारसं जाणवत नाही, लेक्चर रेकॉर्ड करायला घेतलं की लगेच कळतं.

विजेचंही तसंच. कागदावर २६०० चे ९५ वॉट आणि १२१०० चे टर्बोतले जास्तीत जास्त ८९, म्हणजे फरक किरकोळ वाटतो. पण एकच व्हिडिओ दोघांवर कन्व्हर्ट करायला लावा आणि प्लगला वॉटमीटर जोडून वॉट गुणिले वेळ काढा. जो निम्म्या वेळात मोकळा होतो त्याची वीजही तेवढी वाचते. समजा सरासरी ४० वॉटचा फरक पडला, तर चार मशीन, रोज ८ तास, महिन्याचे २५ दिवस धरून महावितरणच्या बिलात ३२ युनिट.

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांकडून परत आलेल्या लॅपटॉपमध्ये हाच खेळ दुसऱ्या रूपात चालतो. आय७-७५००यू ला दोन कोर, आय५-८२५०यू ला चार. दोन्ही १५ वॉटचे, दिसायला सारखेच. स्टिकर बघून लोक आय७ ला जास्त पैसे देतात आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत मात्र तो आय५ बसतो. 'पण यात ११ चालू आहे की!' यावर जाऊ नका, तपासणी चुकवून ते घालता येतं.

विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नावसुद्धा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, बदलता येतं. दर वेळी मशीन सुरू होताना ते मूळपदावर येतं, म्हणून स्टार्टअपला एक छोटी फाइल बसवलेली असते. त्यामुळे आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन नाव वाचा. मग पेनड्राइव्हवरून सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून कोडनेम, सॉकेट (प्रोसेसर बसायची खाच) आणि कोर जुळतात का बघा. सँडी ब्रिज (दुसऱ्या पिढीचं कोडनेम) किंवा सॉकेट ११५५ दिसलं तर पैसे खिशातच ठेवा. लॅपटॉपवर सिनेबेंच आर२३ ही वेगाची चाचणी दहा मिनिटं चालवा, चार्जर लावून. पहिलं अर्धं मिनिट टर्बोचं असतं, त्यावर भाळू नका. शेवटी आकडा फारच कोसळला, तर आतली पेस्ट सुकलेली किंवा पंखा धुळीने भरलेला. दुकानदार दहा मिनिटं द्यायला तयार नसेल तर उठा.

बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट, शिवाय 'नवा' की 'वापरलेला' हेही. क्लासच्या बिलावर नुसतंच 'आय७' असल्यामुळे दुकानदार हात वर करू शकला. फसगत झालीच असेल तर बायोसच्या पडद्याचे आणि टोपणावरच्या अक्षरांचे फोटो, बिल आणि दुकानदाराशी झालेले व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.