ढाका १९७१ की कारगिल १९९९: हवाई युद्धाचा अभ्यास कुठून सुरू करावा?

प्रकल्पासाठी, व्याख्यानासाठी किंवा केवळ स्वतःच्या ओढीने भारतीय हवाई दलाची एखादी मोहीम मुळापासून अभ्यासायची असेल, तर बहुतेकांचा हात आधी कारगिलकडे जातो. ते साहजिक आहे, कारण कारगिल जवळच्या काळातलं आहे आणि त्याची चित्रफीतही आपण पाहिलेली असते. तरीही सुरुवात १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या पूर्व आघाडीपासून (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश) करावी, असं मला ठामपणे वाटतं.

आकाश आपल्या ताब्यात असणं म्हणजे काय, हे तिथे टप्प्याटप्प्याने दिसतं. ढाक्यात पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानांची एकच स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, होती आणि तिचा मुख्य तळ तेजगाव. ४ डिसेंबरला भारताच्या हंटर आणि इतर विमानांनी तिथे हल्ले केले. झुंजी झाल्या, आपली विमानंही पडली, पण तळ काही बंद पडला नाही. मग विमानांच्या मागे लागण्याऐवजी धावपट्टीच फोडायची असं ठरलं. ६ डिसेंबरला गुवाहाटीहून आलेल्या २८ स्क्वाड्रनच्या मिग-२१ विमानांनी ५०० किलोचे बॉम्ब तीव्र उतारात सूर मारून टाकले. सूर मारण्यामागे साधं कारण होतं. उथळ कोनातून पडलेला बॉम्ब काँक्रीटवरून घसरतो, तर सरळ खाली आलेला आत घुसून मोठा खड्डा पाडतो. पाकिस्तानी पथकं रात्रभर खड्डे बुजवत आणि सकाळी पुन्हा बॉम्ब पडत. दोन-तीन दिवसांत शाबूत सेबर विमानंसुद्धा जमिनीला खिळली.

पुढचं सगळं यावर उभं आहे. मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल शत्रूने उडवल्यावर लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांतून सैन्य नदीपार नेलं. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ २ पॅरा ही छत्रीधारी बटालियन उतरली, आणि तिला नेणारी मंद, अवजड वाहतूक विमानं दिवसाढवळ्या निर्धास्त उडू शकली. १४ तारखेला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनी रॉकेटं डागली. वैमानिकांच्या हाती लक्ष्य शोधायला होता तो शहराचा पर्यटन नकाशा! गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. एका धावपट्टीपासून शरणागतीपर्यंतची इतकी स्वच्छ साखळी दुसरीकडे क्वचितच सापडते.

कारगिलमध्ये ही साखळी नाही. पाकिस्तानी लढाऊ विमानं नियंत्रण रेषेच्या पलीकडेच घिरट्या घालत राहिली, हवेत झुंज झालीच नाही. फक्त कारगिल वाचणाऱ्याचा त्यामुळे असा समज होण्याचा धोका असतो, की अचूक बॉम्ब मिळाला की हवाई युद्ध जिंकलं.

पण डावपेच बदलताना पाहायचे असतील, तर कारगिलला तोड नाही. २६ मे १९९९ ला ‘सफेद सागर’ ही हवाई मोहीम सुरू झाली. २७ ला रॉकेटं डागल्यावर इंजिन बंद पडून फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांचं मिग-२७ कोसळलं. त्यांचा शोध घेणाऱ्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं. २८ ला तोलोलिंगजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टरही पाडलं गेलं, आतले चौघे गेले. तीन दिवसांतला हा धडा फार महाग होता. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं हल्ल्यांतून मागे घेण्यात आली आणि विमानं उंचावरून मारा करू लागली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शत्रू स्वतःच १६-१७ हजार फुटांवर बसलेला, त्यामुळे खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राचा पल्ला तिथून वर मोजायचा. विरळ हवेत बॉम्बची वाट बदलते, आणि कड्यावरचा नेम थोडा चुकला तरी बॉम्ब थेट दरीत.

त्यातच नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हा सरकारचा आदेश. १९७१ मध्ये शत्रूचे तळ आणि पिछाडी दोन्ही मोकळेपणाने झोडपता आले होते, इथे ते दार बंद होतं. म्हणूनच १७ जूनचा मुंथो ढालोवरचा हल्ला मला टायगर हिलपेक्षा महत्त्वाचा वाटतो. बटालिक भागातला तो रसदीचा तळ रेषेच्या अलीकडे होता, आणि मिराज २००० विमानांनी तो उद्ध्वस्त केला. टायगर हिलवर २४ जूनला लेझर-निर्देशित बॉम्ब पडला. तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, पण वरच्या चौक्यांची रसद तोडणारा घाव मुंथो ढालोचा होता.

एका अपवादात मात्र क्रम उलटा करा. विषय ‘राजकीय मर्यादेतलं युद्ध’ किंवा ‘डोंगरातली हवाई मदत’ असा असेल, तर थेट कारगिल घ्या. १९७१ घेतलंत, तर पहिल्या वाचनात पश्चिम आघाडी बाजूला ठेवा. तिथे दोन्ही देशांचे पाडलेल्या विमानांचे दावे जुळत नाहीत आणि नवखा वाचक त्या हिशेबातच अडकून पडतो. राजस्थान सीमेवरची लोंगेवालाची लढाई तेवढी जरूर वाचा. रात्री हंटर उडू शकत नव्हती, म्हणून ५ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत मूठभर जवानांना रणगाड्यांसमोर टिकून राहावं लागलं.